आजोबांच्या लष्करी ट्रकची केबिन गंजून चाळण झालीय: कापू, भरू की भंगारात घालू?

खाजणकाठ | २५ ऑक्टोबर

मंडळी, पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

मालवण तालुक्यात खाडीकाठी आमचं घर आहे. घरामागच्या मांगरात एक ट्रक उभा आहे. शेवरलेट, पंधरा हंड्रेडवेट (म्हणजे साधारण पाऊण टन माल वाहणारा), दुसऱ्या महायुद्धात कॅनडात बनलेला. लढाई संपल्यावर डिस्पोजलमध्ये असल्या गाड्या निघाल्या तेव्हा आजोबांनी घेतला. मग त्यातून चिरे गेले, लाकूडफाटा गेला, आंब्याच्या पेट्या गेल्या, जत्रेला दशावताराचे पेटारे पण गेले म्हणतात. माझ्या जन्माच्या आधीच तो बंद पडला आणि तिथेच राहिला.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी, नाक चपटं, पुढे जाळी, आणि समोरच्या काचा उलट्या कललेल्या, म्हणजे वरची कड पुढे. वरून विमानाला काचेची चमक दिसू नये म्हणून तशा. इंजिन ड्रायव्हर आणि क्लीनरच्या मधोमध, केबिनच्या आतच, वर पत्र्याचं झाकण. आजोबा म्हणायचे डावा पाय कायम भाजका.

आता दुखणं. चासी ठीक आहे, वरवर गंज आहे पण ठोकली तर वाजते. केबिन मात्र गेली. ड्रायव्हरच्या पायाखालची जमीन नाहीच, सीटवर बसलं की खालून फिरणारी कोंबडी दिसते. दोन्ही दरवाजांचा खालचा पाच-सहा इंच भाग जाळी. दरवाजापुढच्या खांबाच्या बुडात बोट जातं. टपाची पन्हळ गेली, कारण मांगराचे नळे फुटलेले आणि नेमकी धार तिथेच पडायची, किती वर्षं ते देव जाणे. मागची भिंत कमरेपासून वर चांगली आहे.

दोन डेंटरना दाखवला. एक म्हणाला जुनी केबिन भंगारात घाला, नवीन पत्र्याची हुबेहूब करून देतो. दुसरा म्हणाला कशाला एवढा खर्च, जाळी मारून लांबी भरतो, रंग मारला की कोणाला कळतंय.

मला दोन्ही पटत नाही. पण तिसरं काय ते कळत नाही. कुठपर्यंत कापायचं? पत्रा कुठला? आणि ह्या खाऱ्या हवेत केलेलं टिकणार किती?

गजालीकार | २५ ऑक्टोबर

हात लावू नको रे मेल्या. गंजान धरून ठेवल्यान म्हणान तो उभो आसा. गंज काढलंस तर मागे काय रवतला?

चाकरमानी_डोंबिवली | २५ ऑक्टोबर

फोटो?

खाजणकाठ | २५ ऑक्टोबर

फोटो चढत नाहीयेत, इथे रेंज पण भरती-ओहोटी बघून येते. शनिवारी कुडाळला जाईन तेव्हा टाकतो.

@गजालीकार, आमच्या काकांचं पण हेच मत आहे.

पत्रेवाला_नाना | २६ ऑक्टोबर

मी कोल्हापूरला ट्रकच्या बॉड्या बांधण्यात चाळीस वर्षं काढली, आता हात थरथरतो म्हणून बसून आहे, त्यामुळे सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, कटर उचलायचा नाही. आधी केबिन आहे तशी बांधून घ्यायची. दोन्ही दरवाजे बसलेले असताना, बंद होतायत ना बघून, आतून एक इंची अँगलच्या पट्ट्या मारायच्या, ह्या खांबापासून त्या खांबापर्यंत आडव्या आणि दरवाजाच्या चौकटीत तिरप्या. मगच दरवाजे उतरवायचे. मी पंचविशीत असताना एका जीपचे दोन्ही खांब एकाच दिवशी बुडातून कापले, जोर होता ना अंगात. संध्याकाळपर्यंत अख्खी बॉडी इंचभर बसली. दरवाजा पुढे बंद झालाच नाही, मालक सुतळीने बांधून फिरवायचा आणि मला बघितलं की मुद्दाम हॉर्न वाजवायचा.

दुसरं, कुठपर्यंत कापायचं ते डोळ्याने ठरवू नका. छोटी हातोडी घ्या आणि बोटभर अंतराने ठोकत जा. टण् वाजला तो पत्रा. थप्प वाजला तो गंज, वरून कितीही छान दिसू दे. जिथे टण् सुरू होतं तिथून अजून एक-दीड इंच चांगल्यात शिरायचं आणि तिथे कापायचं. रंग धरून असलेल्या पत्र्याला पण ठोका. रंग खोटं बोलतो.

पत्रा सीआरसी घ्या, म्हणजे कोल्ड रोल्ड. दरवाजा वगैरेला १८ गेज, १.२ एमएमचा. पायाखाली १६ गेज, १.६ चा. आठ बाय चारचं १८ गेजचं पान साधारण २८ किलो भरतं, तुमच्या कामाला दोन पानं पुरावीत. पण आधी तुमच्या गाडीचा शाबूत पत्रा कुठेतरी घासून गेजने मोजा, मी सांगतो म्हणून घेऊ नका.

आणि जुन्यावर नवा चढवून शिवायचा नाही. घाटावर चालून जाईल, तुमच्याकडे नाही. दोन पत्र्यांच्या मधे पाणी बसतं, ते तुमच्या बापाच्याने निघणार नाही. कडेला कड लावूनच जोडायचं.

चिरेखाण | २६ ऑक्टोबर

नाना नमस्कार. कडेला कड जोडताना पातळ पत्रा वाकतो हो. आमच्या टेम्पोच्या दरवाजाचा डोसा झाला होता.

पत्रेवाला_नाना | २६ ऑक्टोबर

घाई केली की होणारच. सलग वेल्डिंग ओढायचं नाही. एक टाका इकडे, दुसरा पार तिकडच्या टोकाला, तिसरा मधे. हात लावून बघायचा, चटका बसत असेल तर विडी ओढायची. टाक्यांमधलं अंतर असं निम्मं निम्मं करत आणायचं. एका दरवाजाचं बूड जोडायला अख्खा दिवस गेला तर बरोबर चाललंय समजा.

जाड रॉडचं वेल्डिंग १८ गेजवर नको, भोकं पडतील. गॅसवालं तारेचं मशीन, ०.८ ची तार.

डोलकाठी | २६ ऑक्टोबर

हर्णै बंदरातून. नानांचा मान राखून बोलतो, तुम्ही सगळे उगाच त्रास करून घेताय. आमच्याकडे बोटींना फायबर मारतात तसं मारून टाका. आतून मॅट (काचेच्या धाग्यांची चादर), रेझिन, परत मॅट. गंजायचा प्रश्नच मिटला. आणि लोखंडी बोटीच्या बुडाला झिंकचे ठोकळे लावतात तसे दोन ठोकळे केबिनला लावा, गंज लोखंडाला सोडून झिंकला खातो. आमच्याकडे शेंबडं पोर सांगेल.

लोखंडाचे_चणे | २६ ऑक्टोबर

@डोलकाठी दादा, शेंबडं पोर बोटीपुरतं बरोबर आहे. झिंकचा ठोकळा काम करतो कारण झिंक आणि लोखंड दोघंही एकाच पाण्यात बुडलेले असतात, पाण्यातून विजेचं वर्तुळ पुरं होतं. मांगरात उभ्या ट्रकला लावलात तर तो फक्त वजन वाढवेल. झिंक हवंच असेल तर ते पत्र्याला पूर्ण चिकटलेलं हवं, म्हणजे झिंकवाला प्रायमर.

फायबरचं म्हणाल तर जाळी झालेल्या पत्र्यावर मॅट मारली की गंज आत बंदिस्त होतो, थांबत नाही. आणि गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून तर पत्र्यांच्या जोडात तो फुगला की रिबिटा तुटतात. तुमचं फायबर दोन पावसाळ्यात पापडासारखं सुटेल.

खरा शत्रू मीठ आहे. गंजाच्या खड्ड्यांच्या तळाशी क्लोराईड बसलेलं असतं. वरून घासून चकाचक केलंत तरी ते तिथेच. त्यावर रंग मारला की रंगातून थोडी थोडी वाफ आत जाते, मीठ ती धरून ठेवतं आणि खालून परत सुरू. म्हणून घासायचं, गोड्या पाण्याने धुवायचं, सुकवायचं, आणि तांबूस झाक आली की परत तेच. दोन-तीनदा तरी. शाळेच्या प्रयोगशाळेतून सिल्व्हर नायट्रेटचे थेंब मिळाले तर शेवटच्या धुवणात टाका, पाणी दुधाळ झालं तर मीठ अजून आहे. मात्र धुवायचं पाणीच क्लोरीनवालं नळाचं असेल तर ते आधीच दुधाळ होईल, तेव्हा कोऱ्या पाण्याशी ताडून बघा.

खाजणकाठ | २६ ऑक्टोबर

बाप रे. आमची विहीर खाडीला लागून आहे, मार्चनंतर पाणी मचूळ लागतं. डाळ शिजत नाही त्यात.

लोखंडाचे_चणे | २६ ऑक्टोबर

मग त्याने धुऊ नका, धुताना मीठच लावाल. पावसाचं साठवलेलं आहे का?

खाजणकाठ | २६ ऑक्टोबर

दोन पिंपं भरलेली आहेत. आईने गणपतीपासून कोणाला हात लावू दिलेला नाही.

गजालीकार | २६ ऑक्टोबर

आवशीक सांग ट्रकाक आंघोळ घालूची आसा.

वेंगुर्लेकर | २७ ऑक्टोबर

मिठावरून आठवलं. आमच्या मेव्हण्याने ट्रॅक्टरची ट्रॉली ब्लास्टिंग करून, म्हणजे हवेच्या दाबाने वाळू मारून गंज उडवून, घ्यायची ठरवली. ब्लास्टिंगवाला वाळूचे पैसे वेगळे मागत होता, म्हणून ह्याने रात्रीत समुद्रावरची चार पोती आणून दिली. ट्रॉली अशी पांढरीशुभ्र निघाली, सगळ्या वाडीला बोलावून दाखवली, त्याच आठवड्यात रंग. पंधराव्या दिवशी रंगाखालून फोड, देवी आल्यासारखे. अख्ख्या ट्रॉलीला दाबाने मीठ ठोकून घेतलं होतं पैसे देऊन. वर वाळू चोरीची, ते वेगळंच.

पत्रेवाला_नाना | २७ ऑक्टोबर

हसू थांबेना.

पण ब्लास्टिंग केबिनला नकोच. टप, दरवाजा असल्या सपाट पातळ पत्र्यावर मारा बसला की तो ताणला जातो आणि पोट काढतो, मग डॉलीवर (मागून धरायच्या लोखंडी ठोकळ्यावर) घेऊन ठोकलं तरी बसत नाही. चासी, चाकं, बंपर, तिथे खुशाल करा. कोरड्या वाळूची धूळ छातीत कायमची बसते, माझ्या ओळखीची दोन माणसं त्यात गेली. वाळूऐवजी गार्नेट दगडाचा चुरा वापरणारा शोधा.

शेवंती | २७ ऑक्टोबर

ट्रकमधलं काही कळत नाही पण गंजातलं कळतं. सासूबाईंचा जुना आडाळा (विळी) गंजून काळा झाला होता, मी काकवीत घातला. एक भाग काकवी, नऊ भाग पाणी, प्लास्टिकच्या टबात, तीन आठवडे. निघाला तेव्हा पात्यावर लोहाराची खूण दिसली, जी सासूबाईंनीसुद्धा कधी पाहिली नव्हती. काकवी फक्त गंज ओढते, चांगल्या लोखंडाला फारसं काही करत नाही. वास मात्र असा येतो की शेजारी विचारतात घरात काही मेलंय का. आणि मुंगळे. टब पाण्याच्या परातीत ठेवा.

हापूसराव | २७ ऑक्टोबर

ताई, काकवीचा एवढा मोठा टब म्हणजे पुढची पायरी भट्टीच. केबिन बुडवून उरलेलं काय करणार ते सांगा, मी येतो.

कोकमाचं आगळ चालेल का? आमच्याकडे भरपूर आहे.

शेवंती | २७ ऑक्टोबर

आगळात मीठ असतं हो! वरती एवढं रामायण झालं मिठाचं.

लोखंडाचे_चणे | २७ ऑक्टोबर

शेवंतीताई शंभर टक्के बरोबर. बिजागऱ्या, हँडल, काचेच्या फ्रेमचे खिळे-बोल्ट ह्यांना काकवी उत्तम. फक्त ॲल्युमिनियम किंवा जस्ताच्या ओतीव वस्तू त्यात टाकू नका, खाऊन टाकेल.

घाई असेल तर धुण्याचा सोडा पाण्यात, बॅटरी चार्जरची निगेटिव्ह गंजक्या वस्तूला, पॉझिटिव्ह भंगार लोखंडाच्या पट्टीला. रात्रीत मोकळं होतं. पट्टी स्टेनलेस स्टीलची मात्र अजिबात नको, पाण्यात क्रोमियमचं विष उतरतं. आणि उघड्यावर करा, हायड्रोजन निघतो.

चिरेखाण | २८ ऑक्टोबर

एक बाळबोध प्रश्न. कौलांऐवजी टाकतात तो जीआय पत्राच का नाही वापरायचा? त्याला गंजच नाही.

पत्रेवाला_नाना | २८ ऑक्टोबर

वापरतात. पण वेल्डिंगच्या जागी जस्त जळतं, पांढरा धूर येतो. तो ओढला की संध्याकाळी थंडी वाजून ताप, हातपाय मोडून येतात. आमच्याकडे त्यावर दूध प्यायची पद्धत होती, दुधाने काही होत नाही, दूध मिळायचं एवढाच फायदा. कडेचं जस्त दीड-दोन इंच घासून काढायचं असेल तर नेमका जोडच उघडा पडतो, आणि गंज जोडातूनच सुरू होतो. मग मिळवलं काय?

कागदपत्र_मास्तर | २९ ऑक्टोबर

सगळे पत्र्यात अडकलेत म्हणून आठवण करून देतो. गाडी रस्त्यावर काढायची आहे का? असेल तर केबिन नवीन बनवण्याआधी थांबा.

२०२१ साली व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम आले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेल्या, खाजगी वापराच्या दुचाकी-चारचाकींना लागू. नंबरात व्हीए येतं. नवीन नोंदणी २०,००० रुपये, १० वर्षं चालते, पुढे ५,०००. रोजच्या वापराला नाही, फक्त प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरायला असं. आणि मुख्य मुद्दा, चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसावा अशी अट आहे. म्हणजे तुमचा पहिला डेंटर जे म्हणाला, जुनी केबिन भंगारात आणि नवीन हुबेहूब, ते अंगाशी येऊ शकतं. गंजका भाग कापून तसाच भाग लावणं आणि अख्खी केबिन बदलणं ह्यात फरक आहे. मी असतो तर कामाआधी, काम चालू असताना आणि नंतर, तिन्ही वेळचे फोटो काढून ठेवले असते. तुमच्या जुन्या कागदावर ती मालवाहू म्हणून असेल तर आरटीओत जाऊन आधी विचारा, कारण नियम खाजगी वापराचा आहे.

अजून एक. रंग कुठला देणार?

खाजणकाठ | २९ ऑक्टोबर

हा काय प्रश्न झाला मास्तर, मिलिटरीचा हिरवा.

कागदपत्र_मास्तर | २९ ऑक्टोबर

नाही देता येणार. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, नियम १२१. ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना.

चाकरमानी_डोंबिवली | २९ ऑक्टोबर

म्हणजे जिने लढाई केली तिला वर्दी घालायला बंदी आणि आमच्या सोसायटीतला जिमवाला त्याच रंगाची पँट घालून फिरतो.

हापूसराव | २९ ऑक्टोबर

पिवळा द्या. देवगडचा.

डोलकाठी | २९ ऑक्टोबर

मी अजून आहे बरं का. फायबरचा हट्ट सोडला. पण एक काम फायबरने होईल, टपाची पन्हळ जिथे शाबूत आहे तिथे मेण लावून मॅटचा साचा घ्या, आणि त्या साच्यावर नवीन पत्रा घडवून बघा. आम्ही बोटीचे भाग असेच करतो. चणे साहेब, ह्याला तरी पास करा.

लोखंडाचे_चणे | २९ ऑक्टोबर

फर्स्ट क्लास.

पत्रेवाला_नाना | ३० ऑक्टोबर

ही युक्ती मला माहीत नव्हती. आम्ही पुठ्ठ्यावर उतरवून घ्यायचो.

एक राहिलं. वेल्डिंगच्या आधी सीट, पेट्रोल टाकी, वायरी, सगळं बाहेर. जुन्या सीटमधे काथ्या भरलेला असतो, त्यात उंदराचं घर. एक ठिणगी पुरते. शेजारी भरलेली बादली आणि एक माणूस, ज्याचं काम फक्त बघत बसणं. काम संपल्यावर अर्धा तास तरी त्याला उठू देऊ नका.

माजी_मेकॅनिक | ३१ ऑक्टोबर

धागा आत्ता वाचला. केबिन राहू दे, एक गोष्ट ताबडतोब वाचा. ह्या गाड्यांची चाकं दोन भागांची असतात, रिमचे दोन अर्धे नटांनी एकमेकांना आवळलेले. म्हणजे चाकावर नटांच्या दोन रांगा दिसतात. आतली रांग चाक हबला धरते. बाहेरची रांग रिमचे दोन अर्धे धरते. टायरमधे हवा असताना बाहेरचे नट सोडले तर रिम फुटून तोंडावर येतो. माणसं मेलीत त्याने. लष्करात ते नट लाल रंगवायचे त्याच कारणासाठी. तुमच्याकडे रंग गेला असेल. हवा संपली असं दिसलं तरी वाल्वची पिन काढून तार घालून बघा, मगच पाना लावा.

खाजणकाठ | ३१ ऑक्टोबर

अंगावर काटा आला. कालच चुलतभाऊ चाक काढायला बसला होता, नट फिरेना म्हणून जेवायला उठला. कुठली रांग होती ते आता मांगरात जाऊन बघतो.

खाजणकाठ | ३१ ऑक्टोबर

बाहेरची होती.

गजालीकार | ३१ ऑक्टोबर

गंजान वाचवल्यान रे तेका. मी सांगी होतंय.

चाकरमानी_डोंबिवली | ९ डिसेंबर

काय झालं पुढे? फोटो?

खाजणकाठ | १८ जानेवारी

उशीर झाला, माफ करा. काम सुरू आहे म्हणूनच लिहिता आलं नाही.

नानांनी सांगितलं तसं आधी आतून अँगल मारले. मग मी आणि चुलतभाऊ दोन रात्री हातोडी घेऊन बसलो, थप्प वाजेल तिथे खडूने खूण. दरवाजा वरून अर्ध्यापर्यंत चांगला निघाला. डाव्या खांबाचा मात्र जिथे रंग सगळ्यात छान होता तो भाग थप्प. नाना, रंग खरंच खोटं बोलतो.

मशीन भाड्याने आणलं. सकाळी काम नीट व्हायचं आणि दुपारी दोननंतर वेल्डमधे बारीक बारीक भोकं यायला लागली, स्पंजसारखी. तार बदलली, नळी बदलली, ज्याच्याकडून सिलिंडर आणला त्याला शिव्या घातल्या. चार दिवसांनी आईने विचारलं, तुमचा तो गॅस वाऱ्याने उडत नाही का रे? दुपारी खारा वारा सुटतो तो थेट मांगरात. वाऱ्याच्या बाजूने ताडपत्री बांधली, भोकं बंद. तरी आता नऊ ते एकच काम करतो. संध्याकाळी व्होल्टेज नसतंच.

पिंपाचं पाणी मिळालं. आईची अट होती की ट्रक निघाला की पहिली फेरी तिची.

आता खरी अडचण, आणि पहिल्या पोस्टमधला प्रश्न परत आला. उजवा दरवाजा घासताना वरून निळा रंग निघाला, त्याखाली लाल, त्याखाली मातकट हिरवा. लाल थरावर पिवळ्या अक्षरात हाताने रंगवलेलं, "श्री रवळनाथ प्रसन्न". खालच्या ओळीत आजोबांचं नाव, आडनावाचं शेवटचं अक्षर पत्र्यासकट गेलेलं. खडूची रेघ बरोबर त्या खालच्या ओळीतून जाते. ठोकून बघितलं, नावाचा उजवा अर्धा थप्प वाजतो.

चार दिवस दरवाजा ओट्यावर भिंतीला टेकवून ठेवलाय. येणारा-जाणारा वाचतो. काका, जे म्हणत होते हात लावू नको, ते रोज येऊन दरवाजासमोर खुर्ची टाकून बसतात.

पत्रेवाला_नाना | १८ जानेवारी

रेघ सरळच पाहिजे असं कोणी सांगितलं? नावाच्या चांगल्या भागाला वळसा घालून कापा, पायरी पायरीने. कोपरे टोकदार ठेवू नका, गोल घ्या, टोकाला पत्रा फाटतो. अक्षरांच्या पाठीमागून ओला फडका दाबून ठेवा आणि एका वेळी एकच टाका. अक्षरांपासून दोन बोटांवर रंग जळेल, ते धरून चाला.

उजवा अर्धा मात्र जाणार. तो ठेवलात तर तोच बाकीचा पण खाईल.

लोखंडाचे_चणे | १८ जानेवारी

नानांना दुजोरा. कापण्याआधी अक्षरांवर पारदर्शक प्लास्टिक ठेवून मार्करने गिरवून घ्या, पूर्ण ओळ. नवीन पत्रा लागला की इपॉक्सी प्रायमर, जोडाला पीयू सीलंट, आतून पोकळ भागात मेण. नुसता रेड ऑक्साईड मारून ठेवू नका, तो पाणी पितो. घासलेला पत्रा रात्रभर उघडा ठेवू नका, तुमच्याकडे सकाळी दव पडतं. ज्या दिवशी घासला त्याच दिवशी प्रायमर. आणि हे सगळं मार्चच्या आत उरका.

जुन्या अक्षरांवर काही चढवू नका, फक्त पातळ मेण. दरवर्षी पुसायचं, परत लावायचं.

शेवंती | १८ जानेवारी

गेलेली अक्षरं कोणाकडून रंगवणार? त्याच वळणात लिहिणारा पेंटर अजून कोणी आहे का तिकडे? सगळीकडे फ्लेक्स झालेत.

कागदपत्र_मास्तर | १९ जानेवारी

रंगाचा प्रश्नही सुटला की. लाल द्या. आजोबांनी दिला होता, आणि लाल रंगाला नियम आडवा येत नाही.

हापूसराव | १९ जानेवारी

माझा पिवळा अक्षरांत आला. समाधानी आहे.

खाजणकाठ | २ फेब्रुवारी

वळसा घालून कापला. नावाच्या खालून तीन पायऱ्या झाल्या, जिन्यासारख्या. अकरा तास, ६४ टाके, मोजलेत. "प्रसन्न"च्या न ला थोडा धूर लागला, बाकी सगळं शाबूत. डोलकाठी दादांच्या साच्यावर पन्हळ पण जमली, दुसऱ्या खेपेला.

शेवंतीताई, तुमच्या प्रश्नावर गावात विचारत फिरलो. आचऱ्याकडे एक म्हातारे गृहस्थ आहेत, पूर्वी होड्यांवर नावं लिहायचे. त्यांना प्लास्टिकवरचं गिरवलेलं दाखवलं. चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, ह्या माझ्या बापाशीचा अक्षर. शिमगो जावंदे, मगे येतंय.

उजव्या दरवाजाला प्रायमर काल लागला. आज डावा ठोकायला घेतलाय.

गजालीकार | २ फेब्रुवारी

डाव्यार काय लिवलेला गावला?

खाजणकाठ | २ फेब्रुवारी

अजून निळ्यातच आहे. उद्या घासतो.

चाकरमानी_डोंबिवली | २ फेब्रुवारी

फोटो!!!